दोघींत एक नाक

आमच्या बागेत पेरलेलं कमी आणि न पेरलेलं जास्त उगवायचं. वांगी, टोमॅटो, घेवडा मी लावायचे. त्यातलं निम्मं किडे खायचे, उरलेलं आम्ही. पण त्या बागेत कधी औषधाचा एक थेंब पडला नाही. स्वयंपाकघरातली सालं, चुलीची राख आणि झाडांचा पडलेला पाला, एवढंच तिचं खत. त्यामुळे वाफ्यांच्या मधल्या जागेत काय काय आपोआप यायचं. उन्हाळ्यात घोळ आणि आंबुशी, पुढे माठ आणि चाकवत, आणि थंडीत दुसरं काही नसताना रानगाजराचा कोवळा पाला. वाफे माझे होते. मधली जागा वन्संची.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन एक पेटी घेऊन भावाकडे आल्या, त्या मी या घरात यायच्या आधीच. आल्या दिवशी भावाला म्हणाल्या, "तुझ्याकडे राहीन, पण बसून खाणार नाही." आणि पेटी तशीच दारात ठेवून मागे गेल्या, ते ओटीभर पाला खुडून आणला. हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं होतं. पुढे हे गेले, मुलगा बसवर ड्रायव्हर म्हणून लागला आणि दुसऱ्या गावी राहायला गेला, घरात आम्ही दोघी उरलो. पण वन्संच्या हातचं काही ना काही ताटात नाही असा दिवस गेला नाही.

मी धुलाईच्या कारखान्यात होते. आयुष्यभर कपड्यांना कांजी लावली आणि इस्त्री फिरवली. म्हणून वन्सं मला 'कांजी' म्हणायच्या. "कपड्यांना लावता लावता मानेलाही लावून घेतलीस," असं वर. मला राग यायचा नाही, कारण मान खरंच ताठ होती. पण त्या कारखान्यातल्या ब्लीचच्या वाफेनं माझं नाक कधीच नेलं. मला खारट कळतं, आंबट कळतं, गोड कळतं. वास म्हणून काही कळत नाही. दूध फिरलं, डाळ लागली, कुठं ओल धरली, हे सगळं वन्सं सांगणार आणि मी ऐकणार. आमच्यात दोघींत मिळून एक नाक होतं, आणि ते त्यांच्याकडे होतं.

ते नाक नुसतं दुधासाठी नव्हतं. रानगाजराची पानं झिरमिरीत असतात. त्या वनस्पतीच्या शेजारी तशीच झिरमिरीत पानं असलेली दुसरी एक उगवते. नाल्याकडून तिचं बी वाऱ्यानं यायचं. पहिलीचं पान चुरगळलं की गाजराचा वास. दुसरीचं चुरगळलं की उंदराच्या बिळाचा. पहिली खाल्ली की माणूस आणखी मागतो, दुसरी खाल्ली की मागायला उरत नाही. या दुसरीला वन्संनी 'सवत' असं नाव ठेवलं होतं. "तशीच नटते, त्याच वाफ्यात येऊन बसते आणि पोटात सगळं विष," त्या म्हणायच्या. खोड वर आलं की सवतीच्या अंगावर जांभळे डाग पडतात, मग ती कुणालाही ओळखू येते. पण तोवर पाला जून होतो. खायचा तो कोवळा, आणि कोवळेपणी आमच्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल अशी दोघींच्या अंगावर काही खूण नसते. म्हणून वन्संची रीत ठरलेली: चुरगळायचं, हुंगायचं, मगच खुडायचं. सवत निघाली तर मुळासकट उपटून नाल्यात. हे इतकं भराभर चालायचं की बघणाऱ्याला वाटावं, बाई नाक खाजवतेय.

कोपऱ्यावर एक खानावळ आहे. ती चालवणारी बाई थंडीत एक दिवसाआड सकाळी मागच्या फाटकाशी यायची आणि रानगाजराच्या जुड्या घेऊन जायची. गरम रश्शावर वरून भुरभुरायला. बदल्यात दुपारी डबा पाठवायची. तो डबा वन्सं टेबलाच्या मधोमध ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घे कांजे, आज माझ्याकडे जेव."

त्या थंडीच्या सुरुवातीला वन्संना ताप आला. अंथरुणात पडून कण्हल्या, औषधांना शिव्या दिल्या, आणि उठल्या. उठल्यावर पहिलं काम म्हणजे बागेत गेल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, गाडी रुळावर आली.

मग एके दिवशी मुलगा सुट्टीवर आला. स्वयंपाकघराच्या दारातच थबकला आणि नाकाला हात लावला.

"आई, इथं काय मेलंय?"

"मला काय विचारतोस? मला कळतं का?"

त्यानं पिठाचा डबा सरकवला. मागे उंदीर होता, फुगलेला, बऱ्याच दिवसांचा. त्या डब्याला पाठ लावून वन्सं रोज मटार सोलत बसायच्या. त्या वेळीही तिथेच बसल्या होत्या.

"आत्या, तुला वास नाही आला?"

"आला की," वन्सं म्हणाल्या. "मला वाटलं तू आलास आणि बूट काढलेस."

मुलगा खोकला येईपर्यंत हसला. "तुझी जीभ काही म्हातारी होत नाही हं," म्हणाला आणि उंदीर फावड्यावर घेऊन बाहेर गेला. तो हसतच गेला. मी मात्र वन्संकडे बघत होते. त्यांनी मटारची एक शेंग हातात घेतली होती आणि ती सोलायची विसरून तशीच धरली होती.

त्यांना मेलेला उंदीर कळला नव्हता. मग सवत कशी कळणार?

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीतून त्यांना बघायला लागले. पान चुरगळायच्या. नाकाशी धरायच्या. पूर्वी पापणी लवेपर्यंत होणारं काम आता लांबत होतं. दुसऱ्या खोलीत कुणी हळू बोलत असावं आणि ते ऐकायचा प्रयत्न करावा, तशा त्या पान धरून उभ्या राहायच्या. मग "हं" असं म्हणायच्या, जणू उत्तर मिळालं, आणि खुडायच्या. एकही रोप उपटलेलं मी पाहिलं नाही. त्या वर्षी आमच्या बागेत सवत उगवलीच नव्हती, असं म्हणायचं तर म्हणा.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि एकदा सांगितलं की मग ते आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसलं असतं. संध्याकाळी त्यांनी तो पाला ताटात वाढला. मी खाल्ला. भीती वाटली का? वाटली. पण ताट सरकवलं असतं तर मी त्यांना काय म्हणाले असते, ते त्यांना बरोबर कळलं असतं. तुम्ही आता या घरात बसून खाणाऱ्या झालात, हेच. त्यापेक्षा घास गिळणं सोपं होतं.

रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले तेव्हा डॉक्टरला आडून विचारलं. म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीचा वास गेलाय तापानंतर.

"मैत्रीण केवढी आहे?"

"माझ्यापेक्षा मोठी."

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं पेन खाली ठेवलं. "कधी कधी आपोआप येतो परत. या वयात फार आशा नका लावू. त्यांना म्हणावं, जेवण कमी करू नका."

"आणि नाही आला तर?"

"सवय होते हो, आजी."

कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

याच सुमाराला मला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. सकाळी मी उठून स्वयंपाकघरात जायचे तर लहान पातेलं धुऊन उपडं घातलेलं असायचं, आणि ओलं. रात्री मी ते कोरडं करून ठेवलेलं असायचं. दोन-तीन सकाळी मी मनाची समजूत घातली की वन्सं चहा करून पीत असतील. पण चहाचं भांडं वेगळं. मग एके सकाळी जरा लवकर उठले आणि मागचं दार उघडलं.

वन्सं पायरीवर बसल्या होत्या. दंव पडलेलं, तोंडातून वाफ निघत होती, आणि या बाई शालीत गुंडाळून बसलेल्या.

"वन्सं, थंडीत काय करताय इथं?"

"ऊन खातेय."

"ऊन अजून आलं नाही."

"येईल ना. मी आधी येऊन जागा धरलीय."

त्यांच्या मांडीवर वाटी होती. वाटीत शिजवलेल्या पाल्याचा घासभर शेवट. पायरीवर जुड्या ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येक जुडीशेजारी एक पान नसलेला देठ ठेवला होता. म्हणजे कुठल्या जुडीतून काढलं ते लक्षात राहावं. मी त्यांच्या शेजारी बसले.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"वाटी द्या इकडे."

"संपलीय. आता दुपारपर्यंत बसायचं. काही झालं नाही तर तुझ्या ताटात." त्यांनी वाटी शालीखाली घेतली. "तुला काही झालं का आजवर? नाही ना?"

"आणि तुम्हाला झालं तर?"

"तर तू खाऊ नकोस. सोपं आहे."

"अहो, एका जुडीत किती रोपांचा पाला असतो! एक पान खाऊन बाकीच्यांचं काय कळणार? नवरीचं तोंड बघून सगळ्या वऱ्हाडाची हमी देण्यातला प्रकार आहे हा."

हे त्यांच्या डोक्यात आलं नसेल असं नाही. पण दुसरा काही उपाय नसला की माणूस अर्ध्या उपायाला पूर्ण म्हणायला लागतो.

"आत्ता कसं वाटतंय?" मी विचारलं. "जिभेला मुंग्या? हात थरथरतायत?"

"हात कालही थरथरत होते. पाय जड आहेत, पण ते तर गेल्या हिवाळ्यापासून." त्यांनी हात पुढे धरून बघितले, उलटे, सुलटे. "कांजे, या वयात विष कुठलं आणि वय कुठलं, हे कसं ओळखायचं गं?"

आणि त्या हसल्या. मलाही हसू आलं. दोघी म्हाताऱ्या त्या पायरीवर बसून हसलो, आणि हसून झाल्यावर आधीपेक्षा वाईट वाटलं.

"हा पाला सोडा," मी म्हणाले. "उन्हाळा येईल. घोळ खुडा, आंबुशी खुडा. त्यांना कुठं हुंगावं लागतं?"

"घोळ आंधळासुद्धा खुडेल. तूही खुडशील." त्यांनी शाल घट्ट केली. "मग मी कशाला?"

"तुम्ही कशाला म्हणजे? तुम्ही वन्सं आहात."

"ते नातं झालं. काम नव्हे." मग बागेकडे बघत, "भावाला शब्द दिला होता, बसून खाणार नाही म्हणून."

"भाऊ जाऊन किती वर्षं झाली. आता कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"म्हणून तर पंचाईत आहे. तो असता तर सांगितलं असतं, बाबा, आता नाही जमत. तो म्हणाला असता, राहू दे ताई. आता कोण म्हणणार?"

मी म्हणू शकले असते. राहू द्या वन्सं, एवढंच. पण मी परक्या घरून आलेली, त्या घरच्या लेकीला मी कोण माफ करणार, असं काहीतरी आडवं आलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात फाटक वाजलं.

"मावशी! उठलात का? आज जास्त लागतील हं जुड्या!" खानावळवाली बाई फाटकातूनच बोलत आत आली. तिच्या हातात रिकामी टोपली होती. "कारखान्याची माणसं येणार आहेत जेवायला. सगळे म्हणतात, वरून तो पाला घाला, त्याशिवाय मजा नाही. अगंबाई, काकू, तुम्हीपण इथं? दोघी काय खलबतं करताय सकाळी सकाळी?"

"हिला म्हटलं, ऊन खा, म्हणजे मान सैल पडेल," वन्सं म्हणाल्या.

त्या उठल्या. वाकून एकेक जुडी उचलून टोपलीत ठेवायला लागल्या. माझ्याकडे बघितलं नाही. पान नसलेले देठ त्यांनी पायानं हळूच बाजूला लोटले. आम्ही दोघींनी काय खायचं तो आमचा प्रश्न होता. पण कारखान्यातली पोरं, त्यांच्या रश्शावर हे भुरभुरणार. त्या बाईला सांगावं, तर वन्संची त्याच पायरीवर, तिच्यासमोर, सगळी कमाई जाते. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळेल की म्हातारीला आता विष आणि भाजी सारखीच. न सांगावं, तर टोपली जाते.

"ते नेऊ नकोस," मी म्हणाले. "मांजर मुतलंय त्यात."

"कुठलं मांजर?"

"शेजारचा बोका. आत्ताच. मी बघितलं."

वन्संचे हात थांबले. खानावळवालीनं टोपली उचलून नाकाशी नेली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मला तर काही वास येत नाही, काकू."

"तुला काय येणार? दिवसभर चुलीच्या धुरात असतेस."

"तेही खरं. मावशी, तुम्हीच हुंगा बरं. तुमच्या नाकाला काही फसवता येत नाही."

तिनं टोपली वन्संच्या पुढे केली. वन्संनी ती दोन्ही हातांनी घेतली. आता एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता का विनवणी होती, मी अजून ठरवू शकलेले नाही. 'काही नाही गं, ने खुशाल,' एवढं म्हटलं असतं की त्या होत्या त्याच राहिल्या असत्या. खानावळवाली गेली असती, दुपारी डबा आला असता.

त्यांनी टोपलीत तोंड घातलं आणि लांब श्वास घेतला. पाल्यावरचं दंव त्यांच्या नाकाला लागलं.

"येतो," त्या म्हणाल्या. "घाण येतो. टाकून दे सगळं."

"अरेरे! मेल्या बोक्याला दुसरी जागा नाही मिळाली? धुऊन घेतलं तर, मावशी?"

"हे धुऊन जात नाही."

"मग परवा येते."

"येऊ नकोस. परवाही नको, नंतरही नको. मला आता कंटाळा आला."

"कंटाळा? बाग तर हिरवीगार आहे!"

"असू दे."

टोपली तिथेच टाकून खानावळवाली जरा घुश्शातच गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. फाटक लागल्यावर वन्संनी पायरीवरचे देठही वेचून टोपलीत टाकले. मग टोपली माझ्या हातात दिली.

"बोका म्हणे. उंदीर म्हणायचंस. सरळ तोंडावर तरी आलं असतं."

त्या आत गेल्या. मी जुड्या नाल्याकडच्या खड्ड्यात पुरल्या. खतात टाकायचं धाडस झालं नाही.

त्या दिवशी त्यांना काही झालं नाही. मी संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. जुड्यांत सवत होती की नव्हती, हे कुणालाच कळणार नाही. नसेलही.

मग ऊन वाढलं आणि पाल्याला खोडं आली. वाफ्यांच्या मधल्या जागेत पांढऱ्या फुलांच्या छत्र्याच छत्र्या उभ्या राहिल्या. मुलगा आला तेव्हा त्यानं त्या विळ्यानं कापून काढल्या. खोडांवर जांभळे डाग कितींना होते ते मी बघायला गेले नाही. वन्सं खिडकीतूनही बघत नव्हत्या. "आत्या, बागेत चल ना, ऊन छान आहे," तो म्हणाला. "तूच जा. तुझ्या बुटांनाही हवा लागेल," त्या म्हणाल्या, पण त्या बोलण्याला आता धार नव्हती, नुसती सवय होती.

उन्हाळ्यात घोळ आली, दरवर्षीपेक्षा जास्त. मी खुडली, शिजवली, त्यांच्यापुढे ठेवली. "बरी झालीय," त्या म्हणाल्या. खारट-आंबटापलीकडे त्यांना चव लागत नव्हती हे मला माहीत होतं. माझंही कित्येक वर्षं तेच आहे, पण मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी एकदा म्हणाले, "वन्सं, मला सांगा तरी, कुठली खुडायची, कुठली ठेवायची." त्या म्हणाल्या, "सगळी तुझीच आहे. कुठलीही खुड."

त्या बारीक होत चालल्या आहेत. डॉक्टर म्हणतो, खायला घाला.

खायला मी घालतेच. पण गेल्या काही दिवसांत एक नवीन सुरू झालंय. या घरात वन्सं जेवायला बसल्या की हव्या त्या भांड्यावरचं झाकण काढायच्या, हवं ते हवं तेवढं वाढून घ्यायच्या, आणि वर माझ्या मिठाला नावं ठेवायच्या. आता ताटातलं संपलं की हात मांडीवर घेऊन बसतात.

"कांजे, आणखी थोडं घेऊ का गं?"

पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा आहे. म्हटलं, "घ्या की. घर कुणाचं आहे?" त्यांनी अर्धा चमचा घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी ओरडले. एकदा रडलेही. एकदा सगळी भांडी त्यांच्या पुढ्यात झाकणं काढून मांडली आणि मुद्दाम बाहेर गेले, म्हटलं कुणी बघत नसलं की घेतील. पाणी भरून, कपडे वाळत घालून परत आले तर अन्न गार झालं होतं, आणि त्या तशाच बसल्या होत्या.

"घेऊ का?"

"घ्या," मी म्हणाले.

आता मी ओरडत नाही. त्या विचारतात आणि मी घ्या म्हणते.